तीन नंबरवरची लाल अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ‘आहे’ म्हणायला माझ्याजवळ आता फारसं काही उरलेलं नाही म्हणा. डबा भंगारात गेला, पडदा त्याच्याही आधी गेला, आणि कळफलकाची बटणं कुणाच्या पायाखाली गेली ते मलाही ठाऊक नाही. तरी मी तुमच्याशी बोलतो आहे. ते कसं, हे ओघाने येईलच. आधी जन्मापासून सांगू द्या. आमच्या पिढीला मधूनच कशाला सुरुवात करता येत नाही. नुसतं सुरू व्हायलाच आम्हाला चार मिनिटं लागायची.

माझा जन्म १९९९ सालचा. औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या पोटमाळ्यावर, कुठून कुठून आणलेले भाग जोडून मला उभं केलं. मला घेतलं अनंतरावांनी. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती आणि तिथेच, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, सहा संगणक मांडून सायबर कॅफे काढला होता. प्रत्येकाच्या माथ्यावर त्यांनी ऑइलपेंटने आकडा काढला. माझ्या वाट्याला तीन आला. तेव्हापासून मी तीन नंबर.

बढाई मारत नाही, पण सहांमध्ये माझा मान वेगळा होता. अनंतरावांना लोक अर्ज टंकून मागत, आणि मराठी अक्षरांचा फाँट फक्त माझ्यात होता. हे जरा समजून घ्या, कारण पुढची सगळी रड याच्यापायी आहे. त्या काळी संगणकाला मराठी मुळात येतच नसे. आत साठवलेली असत ती इंग्रजी अक्षरं आणि वेडीवाकडी चिन्हं. फाँट म्हणजे त्यांच्यावर चढवलेला मराठी पोशाख. ज्या संगणकात तो फाँट असेल तिथे मजकूर मराठी दिसायचा. नसेल तिथे तोच मजकूर म्हणजे नुसता उकिरडा. अनंतरावांकडे त्या फाँटाची एक फ्लॉपी होती. “उरलेल्या पाचांवर उद्या टाकतो,” असं ते म्हणत. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाचा उद्या तो, कधी उजाडलाच नाही.

दिवस मात्र मजेचे होते. टेलिफोनच्या तारेवरून आम्ही इंटरनेटला हाक मारायचो तेव्हा असा काही आवाज निघे, की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकून वर बघायचं. चित्र वरून खाली उतरायचं, एकेक ओळ करत. आधी कपाळ, मग डोळे, मग नाक, आणि हनुवटी येईपर्यंत लाइन कटायची. पानापानांवर चकाकणाऱ्या चांदण्या असत. कुठे फावडं घेतलेला माणूस आणि खाली ‘काम चालू आहे’ अशी पाटी. तळाशी किती जण येऊन गेले त्याचा आकडा. सात जण आले तरी मालकाला केवढं अप्रूप! बारावीच्या निकालाला तर माझ्यासमोर पोरांपेक्षा त्यांचे आईबापच जास्त रडलेले मी पाहिले आहेत.

भारत माझ्याकडे आला तो २००२ सालच्या पावसाळ्यात. पावसाळ्यात म्हणायचं आपलं, पाऊस कुठे होता? तो मेंढपाळाचा मुलगा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारा. त्याचे आईवडील, कारभारी आणि सुगंधाबाई, करमाडकडे साठ मेंढरं राखून होते. दुपारी गर्दी नसताना तो यायचा आणि सरळ माझ्यासमोर बसायचा. अनंतरावांची मुलगी कालिंदी तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळेतून आली की गणवेशातच त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसायची. फुकट पानं देणारी एक परदेशी कंपनी होती. तिच्याकडे दोघांनी मिळून एक पान उघडलं. नाव ठेवलं ‘मेंढरांची वाट’.

काय होतं त्या पानावर? करमाडपासून पाचोडपर्यंतचा एकेक मुक्काम. कुणाची विहीर, पाणी किती, कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली की धान्य मिळतं, हे सगळं. गावाकडच्या पोरांना, एसटीच्या कंडक्टरांना विचारून विचारून तो माहिती गोळा करी. ‘इथलं कुत्रं चावतं, पण मालक चांगला,’ अशी एक ओळ होती. दोन मुक्काम सोडून पुढे, ‘इथलं कुत्रं चांगलं.’ कालिंदी खुदकन हसली होती. चांदण्या तिनेच लावल्या होत्या.

“मेंढपाळ कुठं कॉम्प्युटर बघणार रे?” असं अनंतरावांनी एकदा विचारलं.

“बघतील की काका,” भारत म्हणाला. “बाजाराच्या गावी आता एसटीडीवाले ठेवायलेत. वाचता नाय आलं तर वाचून घेतील. पत्र नाय का घेत वाचून?”

किती साधा हिशेब होता त्याचा! त्याला वाटलं, पान माझ्यावर जसं दिसतं तसंच साऱ्या जगाला दिसतं. मलाही तसंच वाटायचं. मी तरी दुसऱ्या कुणाच्या पडद्यात कधी डोकावलो होतो?

मग २००३ चा उन्हाळा आला. दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. कारभारी मेंढरं घेऊन पाचोडच्या दिशेने निघाला. भारतची परीक्षा होती, त्याला बरोबर जाता येईना. निघण्याआधी त्याने बापाच्या हातात पानाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिली. “आबा, पाचोडच्या बाजारात एसटीडीच्या दुकानात ही दाखवा. तेवढ्यात कुठं पाण्याचं काय कळलं तर मी त्याच्यावर लिव्हीन. वाचून घेतल्याबिगर फुडं जाऊ नका.” हे सगळं त्याने नंतर कालिंदीला सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे.

आणि कळलंच. त्याच्या खोलीतल्या एका मुलाने सांगितलं की पाचोडच्या पुढे लागणाऱ्या ढवळ्याच्या विहिरीत कुठल्याशा कारखान्याचं सांडपाणी झिरपलंय, दोन बैल दगावले. भारत पेपर टाकून धावत आला. अकरा एप्रिलचा दिवस होता. त्याने माझ्यावर बसून लाल अक्षरांत लिहिलं, आणि ती अक्षरं उघडझाप करतील अशी सोय केली. त्या काळी ते करता यायचं. तीनदा वाचून बघितलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

दोन दिवसांनी कारभारीने पाचोडच्या दुकानात चिठ्ठी दाखवली. पान उघडलं. दुकानदाराच्या संगणकात फाँट कुठला असायला? पडद्यावर उकिरडा उमटला. उघडझापही होईना, त्याच्याकडचा ब्राउझर वेगळ्या जातीचा. त्याने कागदावर छापून दिलं आणि हसला. “काका, पोरानं तुम्हाला येड्यात काढलं. हे मराठी नाय आन् इंग्रजी बी नाय. नुस्ती बटनं बडवलीत.”

कारभारी कागद घेऊन निघाला. वाटेवर पहिली विहीर लागली ती ढवळ्याची. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत साठांतली एकेचाळीस मेंढरं आडवी झाली होती.

बापलेकाची गाठ पडली ती परीक्षा संपल्यावर. भारत म्हणाला, मी लिहिलं होतं. कारभारीने कागद पुढे केला. भारत बघतच राहिला. त्याला स्वतःलाच कळेना. “आबा, चला माझ्यासंगं. डोळ्यांनी बघा,” म्हणत तो बापाला औरंगपुऱ्यात घेऊन आला.

मित्रांनो, त्या दिवशी मी तिथे नव्हतो. आदल्या दिवशी विजेच्या झटक्याने माझा पॉवर सप्लाय जळाला होता आणि मी दुरुस्तीवाल्याच्या फळीवर झाकण उघडं टाकून पडलो होतो. माझ्या उभ्या आयुष्यात मी आठच दिवस गैरहजर राहिलो, त्यातला हा एक. कॅफेत निकालाची झुंबड होती. अनंतरावांनी मानही वर न करता सांगितलं, “तीन बंद आहे. पाचवर बसा.”

पाचवर तोच उकिरडा. भारतने तीन वेळा पान पुन्हा उघडलं. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, असं कालिंदी सांगते.

“बास झालं,” कारभारी म्हणाला. “मेंढरं मेली त्याचं एवढं नाय. पोटचं पोरगं खोटं बोललं.” आणि घोंगडी खांद्यावर टाकून तो जिना उतरला.

आठवड्याने मी परत आलो. भारत आला, पान उघडलं, आणि माझ्या पडद्यावर सगळं जिथल्या तिथे. लाल अक्षरं बिचारी उघडझाप करत होती. तेव्हा कुठे अनंतरावांच्या डोक्यात उजेड पडला. “अरे, तो फाँट फक्त तीनवर आहे!” बैल गेला अन् झोपा केला. भारतने दोनदा निरोप धाडला, आबा, पुन्हा एकदा या. उत्तर आलं, “एकदा आलो. तेवढं पुरे.” अनंतरावांनी स्वतः करमाडला जाऊन समजावलं असतं तर? पण त्यांना वाटलं, बापलेकाचं भांडण, आपण परक्याने कशाला मध्ये पडा. शहाण्या माणसांची ही सवय मला कधीच आवडली नाही.

भारतने कॉलेज सोडलं. वाळूजला कारखान्यात लागला. चार वर्षं बापाने त्याच्याशी अवाक्षर काढलं नाही. पाचव्या वर्षी जालना रोडवर ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवलं. वय पंचवीस.

पुढे मोबाइल आले आणि आमची गरज संपली. कॅफे बंद झाला. पाच भावंडं हातगाडीवरून भंगारात गेली. मला कालिंदी म्हणाली, “हा राहू दे,” आणि सिडकोतल्या घराच्या माळ्यावर माझी रवानगी झाली. जुन्या गाद्या, फुटका कूलर आणि मी. उंदरांनी माझ्या तारा कुरतडल्या, कपॅसिटर फुगले. खाली शहर वाढत होतं, ते आवाजावरून कळे. पाणी मात्र सातव्या दिवशी यायचं. परदेशी कंपनीनेही आपली फुकटची पानं एक दिवस बंद करून टाकली. मला वाटलं, संपलं सगळं.

२०१९ च्या उन्हाळ्यात, पुन्हा दुष्काळ असताना, सुगंधाबाई शोधत शोधत घरी आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला तो पाचोडचा कागद. सोळा वर्षं तिने तो जपला होता. कालिंदी आता एकतीस वर्षांची, कॉलेजात संगणक शिकवणारी.

“ताई, ह्यांचं आता काय खरं नाय,” सुगंधाबाई म्हणाली. “अन्न जाईना. दिवसभर एकच इचारत्यात, पोरगं खोटं बोललं व्हतं का गं? मी म्हनते, नाय. तर म्हनत्यात, तुला काय म्हाईत. तुमी सांगा बाई. लिव्हलं व्हतं का नव्हतं?”

कालिंदीने कागदावर नजर टाकली आणि तिला माझीच आठवण झाली. “मावशी, हे मराठीच आहे. फक्त आमच्या तीन नंबरच्या फाँटातलं.”

अनंतराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. थकले होते फार. ते म्हणाले, “कालिंदी, विचार कर. खरं कळलं तर तो माणूस जास्त खचेल.”

“खचू द्या की साहेब,” सुगंधाबाईने त्यांच्याकडे वळून सांगितलं. “माझ्या पोराचं नाव तर धुऊन निघंल.”



परदेशात काही भल्या माणसांनी बंद पडलेल्या पानांच्या नकला साल घालून सांभाळून ठेवल्या आहेत. त्यांत ‘मेंढरांची वाट’ सापडली. कालिंदीने ती आपल्या नव्या लॅपटॉपवर उघडली, तर तोच उकिरडा. मग ती शिडी लावून माळ्यावर आली. माझ्या डब्यातून तिने हळूच डिस्क बाहेर काढली, तिला तार जोडली. माझी तबकडी तीनदा अडखळली, खडखडली, आणि मग फिरली. माझ्यातलं होतं नव्हतं ते सगळं तिने उतरवून घेतलं. त्यानंतर ती तबकडी पुन्हा फिरली नाही.

आणि मी जागा झालो! मित्रांनो, बहुरूपी जसा राजाचं सोंग घेतो, तसं जुन्या संगणकाचं सोंग घेणारी एक आज्ञावली असते. एम्युलेटर म्हणतात तिला. त्या सोंगाच्या पोटात मला ठेवलं होतं. पंख्याची घरघर नाही, अंगात ऊब नाही, टेलिफोनची किंकाळी नाही. पण माझा निळा पडदा तोच, खिडक्या त्याच, ब्राउझरही तोच. कालिंदीने घड्याळ मागे नेलं आणि त्या सालच्या इंटरनेटवर मला हिंडवून आणलं. रेल्वेचं वेळापत्रक होतं, गाड्या केव्हाच सुटून गेलेल्या. कुणीतरी आपल्या बाळाचा फोटो लावून ‘पुन्हा या’ लिहिलं होतं. ते बाळ आता कॉलेजात असेल. फावडेवाल्याचं काम अजून चालूच होतं. निम्म्या दुव्यांवर ‘पान सापडत नाही’. कालिंदी आधी हसत होती, मग तिने चष्मा काढून डोळे पुसले. मीही सुखावलो नाही. घरं सगळी उघडी आणि आत माणूस नाही, असल्या गावात किती वेळ हिंडावं?

शेवटी तिने भारतचं पान माझ्या हाती दिलं. मी फाँट काढला आणि एकेक ओळ मराठीत उभी केली. आयुष्यात इतक्या जपून मी दुसरं कुठलंच काम केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन करमाडला निघाली. अनंतरावही हट्टाने बरोबर आले. ज्या माळावर भारतच्या पानावरचे पहिले तीन मुक्काम होते, तिथे आता चौपदरी रस्ते, कुंपणं आणि कारखाने होते. कारभारीचं घर रस्त्याकडेला, पत्र्याचं. मेंढरू एकही नाही. तो बाजेवर पडला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

कालिंदीने लॅपटॉप बाजेवर, त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला आणि वाचलं: “अकरा एप्रिल दोन हजार तीन. आबांसाठी. ढवळ्याच्या विहिरीवर मेंढरं नेऊ नका. पाणी नासलंय. वरच्या अंगाने थोरात वस्तीवर जा. दगडाबाईला माझं नाव सांगा, ती पाजील.”

 कारभारीने हात पुढे करून पडदा चाचपला.

“लाल हाय का?”

“लाल आहे, बाबा.”

“उघडझाप करतंय. मला दिसतंय तेवढं.” “तसंच म्हनला व्हता त्यो. त्या जिन्यात बी म्हनत व्हता, आबा, लाल हाय.”

अनंतराव पुढे झाले. “कारभारी, चूक माझी आहे. मी तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं.”

“तुमी परके,” कारभारी म्हणाला. “मी बाप व्हतो.”

सुगंधाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रडत नव्हती. सोळा वर्षं ती जे म्हणत होती तेच तर निघालं होतं. तिने फक्त पदर नीट केला आणि म्हणाली, “वाचा बाई, अजून काय लिव्हलंय? समदं वाचा.”

कालिंदीने सगळं वाचलं. कुत्र्यांसकट. कारभारी प्रत्येक मुक्कामाला मान हलवत होता. पानाच्या तळाशी एक रिकामी चौकट होती, त्या काळी बहुतेक पानांवर असे. वर भारतने लिहिलं होतं, ‘वाचलं असेल तर इथे चार शब्द लिहा, मला कळेल.’ कालिंदी वाचून गेली आणि लगेच तिला वाटलं, नको होतं वाचायला.

“त्याला कळंल?” कारभारीने मान उचलली. “मंग लिव्ह. भारत, आबानं वाचलं. तू खरं बोलला व्हता. मेंढरं वरच्या अंगानंच न्यायला पायजे व्हती.” मग म्हणाला, “एवढंच.”

तिने शब्दन् शब्द टंकला आणि ‘पाठवा’वर बोट ठेवलं. मी जीव तोडून शोधलं. पण ज्या दारी ते पोचवायचं ते दार दहा वर्षांपूर्वीच उचकटून नेलेलं. माझ्या पडद्यावर उमटलं, सर्व्हर सापडत नाही.

“गेलं का?”

कालिंदीला खोटं बोलता आलं असतं. मी तिच्या जागी असतो तर बोललो असतो. पण त्या घरात ती खोटं बोलली नाही. “नाही बाबा. जात नाही.”

“ऱ्हाऊ दे मंग तिथंच,” कारभारी म्हणाला आणि कुशीवर वळला. पोळ्याच्या आधी तो गेला.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्यांनी तुमच्याकडे काही मागायचं असतं. मला पुसत जा, झाकत जा, असं मी म्हणत नाही. माझं झालं ते झालं. कुणासाठी काही लिहाल, तेव्हा आपल्या पडद्यावर छान दिसतं म्हणून निर्धास्त होऊ नका. एकदा त्याच्या घरी जाऊन, त्याच्या पडद्यावर ते कसं दिसतं ते बघा. आणि कुणाचं लिहिलेलं तुम्हाला वाचता आलं नाही, तर त्याला खोटं ठरवण्याआधी दुसऱ्यांदा जिना चढा.

मला आता मरण नाही आणि जगणंही नाही. या सोंगात एक सोय आहे. चालता चालता मला थांबवून ठेवता येतं, आणि पुन्हा उठवलं की मी तिथूनच पुढे सुरू होतो. कालिंदीने मला त्या बाजेवरच, त्याच घटकेला थांबवलं. दर अकरा एप्रिलला ती मला उठवते. चौकटीत कारभारीचे शब्द तसेच असतात. ती ‘पाठवा’ दाबते आणि मी शोधायला निघतो.